बालसंगोपन योजना : एका मामाचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन स्टार

बिर्याणीला लोक स्टार देतात, मिक्सरला देतात, मग सरकारी योजनेला द्यायला काय हरकत आहे? मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि साहेब समोर असला की दोन्ही विसरतो.

आमचे दाजी २०२४ च्या नोव्हेंबरात गेले. मागावर होते, छातीत कळ आली, बाजूच्या गासडीवर बसले ते उठलेच नाहीत. मागं अक्का, चौथीतला भाचा आणि तीन महिन्यांची भाची. अक्का विड्या वळते. सूप मांडीवर घेतलं की दुपारपर्यंत मान वर नाही. दिवस झाल्यावर गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनीच सांगितलं, "क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागं महिन्याला २२५० येतात, फॉर्म भरा." पूर्वी हीच रक्कम ११०० होती आणि त्याच्याही आधी ४२५. त्या ४२५ मध्ये लोक मूल कसं सांभाळत असतील काय की.

आईबाप दोन्ही नसलेल्यांसाठीच ही योजना आहे असं मलाही वाटायचं. तसं नाही. दोघांपैकी एक गेलेला असला, घटस्फोट झालेला असला, आई किंवा वडील मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळलेले असले, तुरुंगात असले तरी अर्ज करता येतो. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. मुद्दा एवढाच की मुलाला संस्थेत न टाकता घरातच वाढवायचं.

आता कागद. मृत्यूचा दाखला लगेच मिळाला, त्याचं काही म्हणणं नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मला भीती होती, पण तो अकराव्या दिवशी हातात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरलेली आहे. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं आणि दोषी ठरलेल्याला ५०० पासून ५००० पर्यंत दंड बसतो. म्हणून अर्जाची तारखेची पोच मागून घ्या. मी मागितली तेव्हा केंद्रावरच्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी त्याच्या बहिणीचं लग्न मोडायला आलोय. पण दिली.

खरा घोळ नावांचा. रेशनकार्डावर दाजी "नरसय्या", आधारवर "नरसिंग", शाळेच्या दाखल्यात तिसरंच काहीतरी. आमच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, निम्म्या घरांत हेच असणार. तेलुगू नाव मराठी कारकुनानं ऐकून इंग्रजीत लिहिलं की माणूस एक आणि नावं तीन होतात. प्रतिज्ञापत्र करून ते एकदाचं मिटलं. तोवर दुसरं निघालं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचा नियम आला. आमची भाची ऑगस्टमधली. तिच्या दाखल्यात अक्काचं नाव, भाच्याच्या दाखल्यात फक्त बापाचं. एका खिडकीवरचे गृहस्थ दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणतात, "ही दोघं सख्खी भावंडं कशावरून?" अक्का काहीच बोलली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पहिल्यांदा माझं नाव कागदावर आलं रे, आणि त्याचीच अडचण." दुसऱ्या दिवशी मी शासनाचा निर्णय मोबाईलवर काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि कागद घेतले. वाईट माणूस नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर एकजण भेटला. "तीन हजार द्या, फाईल मीच फिरवतो." अर्जाला एक रुपया लागत नाही. त्याला वाटेला लावला, पण खरं सांगतो, माझे पाच खाडे झाले होते आणि पाचव्या दिवशी ते तीन हजार मला स्वस्त वाटायला लागले होते. योजनेचा एक स्टार मी इथंच कापला. रोजावर जगणाऱ्या बाईनं एवढ्या वेळा कुठून यायचं? एक दिवस बसली नाही तर हजार विड्या गेल्या.

फॉर्मबरोबर घरासमोर मुलांचा पालकासोबत फोटो लागतो. आम्ही गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात काढला, भाच्याला नवा शर्ट घालून. मागं दोरीवर चादरी, दारात तेंदूच्या पानांची पोती. फोटोग्राफर म्हणाला पोती हलवू का, अक्का म्हणाली राहू दे, आहे ते आहे.

मग गृहभेट. फेब्रुवारीत एका दुपारी बाल संरक्षण कक्षाच्या संरक्षण अधिकारी मॅडम आल्या, स्कूटीवरून, एकट्याच. शेजारी चौकशी केली, वह्या बघितल्या, भाचीचं लसीकरणाचं कार्ड बघितलं. चहा घेतला नाही, पाणी घेतलं. अक्काच्या मांडीवरच्या सुपाकडं बघत त्यांनी भाच्याला सहज विचारलं, "तू पण करतोस का आईला मदत?" पोरगं खूश. "हो, मी विड्यांची तोंडं मिटवतो. शाळेतून आल्यावर दोनशे." घरात एकदम शांत. विडीकामाला चौदा वर्षांखालचं मूल लावायचं नाही हा कायदा मला माहीत होता, अक्कालाही माहीत होता. गल्लीत कोण पाळतो? मला वाटलं, गेली फाईल.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. अक्काला म्हणाल्या, "ताई, हे पैसे त्याच दोनशे विड्यांच्या बदल्यात आहेत असं समजा. त्याच्या हातात पुन्हा सूप नको." तंबाखूच्या धुळीचं मुलांच्या छातीला काय होतं ते पाच मिनिटं सांगितलं, मग पेन उचलून जे ऐकलं ते लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. या भेटीला मी पूर्ण पाच देतो.

एप्रिलात बालकल्याण समितीपुढं बोलावलं, मंजुरीचा आदेश तीच देते. मी मनात कोर्ट धरून गेलो होतो, पिंजरा आणि काळा कोट. तसलं काही नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा, त्यात समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई असलीच पाहिजे. पण बसणं साध्या टेबलाभोवती. आम्हाला बाजूला बसवून ते भाच्याशीच बोलले. "आई रागावली तर कुठं जातोस?" पोरानं तेलुगूत उत्तर दिलं. त्यांच्यातल्या एका बाईंना तेलुगू येत होतं, त्या हसल्या आणि त्यांनी बाकीच्यांना मराठीत सांगितलं : मामाकडं जातो, पण मामा पण रागावतो. मी खाली मान घातली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, तरी मला तिथंच घाम फुटला.

आदेश आला. पैसे येईनात. मे गेला, जून गेला. अक्कानं दिलेल्या पासबुकात एंट्री नाही. मी योजनेला मनातल्या मनात दोन स्टारवर आणून ठेवलं होतं. मग कळलं की पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात, आणि भाच्याचं आधार शाळेनं शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या, आम्ही विसरून गेलेल्या दुसऱ्या एका बँकेतल्या खात्याला जोडलेलं. त्या बँकेत गेलो तर पैसे तिथं गपचूप पडून. तेव्हा अर्ज द्यायच्या आधी मुलाचं आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासा, पासबुकावर विश्वास ठेवू नका.

अजून एक. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप) म्हणून मुलामागं महिन्याला ४००० मिळतात. उत्पन्नाची अट आहे, गावात वर्षाला ७२००० आणि शहरात ९६०००. हे आम्हाला कळलं तेव्हा आमची फाईल दुसऱ्या वाटेनं गेलेली होती. तुम्ही आधीच विचारा, कुठली योजना आपल्याला बसते ते.

दोघांचे मिळून ४५००. त्यातले अडीच हजार घरभाड्याला जातात, राहिलेल्यात दूध आणि भाच्याची शिकवणी. शाळेचं बोनाफाईड यंदा पुन्हा द्यायला लागलं, त्यासाठी आणखी एक खाडा.

परवा गेलो तेव्हा भाचा सुपाजवळच बसलेला. मी डोळे वटारले. तर म्हणतो, "मामा, तोंडं मिटवत नाही ओ आता. नुसत्या मोजालोय."