अकीक की हस्तिदंत? खंबायतच्या बंदरातले दोन माल

खंबायत बडोद्याहून जवळच. हजारेक वर्षांपूर्वी दूरदूरचा माल या बंदरात ये-जा करी.

अकीक, म्हणजे मणी करायचा लाल खडा, घरचा. नर्मदेकाठच्या रतनपूरच्या खाणीतून निघतो तेव्हा मळकट, पिवळट-तपकिरी दगड. मडक्यात घालून शेणीच्या आचेवर हळूहळू तापवला की त्यातल्या लोहामुळे लालबुंद होतो. आच एकदम वाढली तर खडा तडकतो. मग तासणं, घासणं आणि सगळ्यात जिकिरीचं काम, भोक पाडणं! असे मणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या उत्खननांत मिळतात.

हस्तिदंत त्याच किनाऱ्यावरून उलट इकडे येई. दहाव्या शतकात खंबायत पाहून गेलेल्या अल-मसूदी या अरब प्रवाशाने लिहिलंय, की तिकडचे सुळे ओमानमार्गे हिंदुस्थानात आणि चीनला जात. आपल्याकडे त्यांच्या खंजिरांच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या होत. हत्तींच्या देशाला परके सुळे का? ते मोठे, कोरायला सोपे. शिवाय आपल्या हत्तिणींना सुळे नसतातच.

मला विचाराल तर कसब अकीकात जास्त, आणि जुन्या व्यापाराचा मागोवा घ्यायलाही तोच बरा. दमट मातीत हस्तिदंत खराब होतो, मणी मात्र जसाच्या तसा हाती येतो.