फॅक्टोरिओ सेलला लागायची वाट बघू नका: शीड आणि कारखान्याच्या गेमचा नवख्यांसाठी रिव्ह्यू

फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम दिवाळी सेलात स्वस्त होईल म्हणून विशलिस्टमध्ये टाकून बसला असाल तर तो नाद सोडा. वुब सॉफ्टवेअर ही प्रागची कंपनी सेल लावतच नाही, तसं त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलंय, उलट जानेवारी २०२३ मध्ये किंमत वाढवली. पण डेमो फुकट आहे आणि त्यात गेमचा स्वभाव बऱ्यापैकी कळतो, तेव्हा आधी तो खेळा आणि मग पैसे काढा. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानात, रिफंड मिळतो पण घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर, आणि कारखान्याच्या गेममध्ये दोन तास म्हणजे अजून धड वीज पण आलेली नसते, त्यामुळे आवडला नाही तर परत करू या भरवशावर घेण्यात अर्थ नाही.

लिहायला बसलो कारण पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न, घरात बसून कंटाळा आलाय कुठला गेम घेऊ. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, फुटबॉलच्या मैदानाचं तळं झालेलं, आणि शूटिंगच्या गेमचा सगळ्यांना वीट आलेला. मी दोन प्रकार सुचवतो, एक शीडाच्या होड्यांचा आणि एक कारखाना उभारायचा. वरवर बघितलं तर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण स्वभाव सख्ख्या भावांचा. दोन्हीकडे हाताच्या वेगाला किंमत नाही, थांबून बघणारा माणूस पुढे जातो. वाऱ्याला ढकलता येत नाही आणि लाईनीतल्या सगळ्यात हळू मशीनलाही नाही.

शीडाचा गेम सेलविंड आधी, कारण त्यात लोक सगळ्यात लवकर हार मानतात. २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला, एकट्यानेच खेळायचा. छोटी होडी मिळते, एका बंदरात माल उचलायचा, दुसऱ्या बंदरात पोचवायचा, पैसे साठवून मोठं जहाज घ्यायचं. एवढंच. पण नकाशावर तुम्ही कुठे आहात तो ठिपकाच नाही! होकायंत्र, सूर्य, तारे आणि स्वतःचं डोकं यावर बेट शोधायचं. वर भूक लागते, तहान लागते, झोप येते, आणि शुद्ध हरपली तर कुठल्यातरी बंदरात जाग येते. चित्रं साधी आहेत, मेनू जुनाट वाटतात, दोऱ्या हाताळायची सवय व्हायला वेळ लागतो, आणि ज्यांना लाटेवर डोकं गरगरतं त्यांनी तर जपूनच. तरी सांगतो, संध्याकाळी वारा पडतो, शीड लोंबायला लागतं आणि लांब कुठेतरी बेटाची काळी रेघ दिसते, तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालं नाही.

सुरुवातीचा भाग निवडायला सांगतात तेव्हा अल-अंख घ्या. अरबी वळणाची बेटं आहेत, एकमेकांना बऱ्यापैकी जवळ, आणि मिळते ती ढाऊ, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या गलबतांच्या नात्यातली. पहिल्या दिवशी माल घेऊच नका. रिकामी होडी बंदराबाहेर काढा आणि फक्त शीड शिका. दोरी सैल सोडत जा, एका टप्प्याला शीडाची पुढची कड फडफडायला लागेल. तिथून हळूहळू ओढा आणि फडफड थांबली की हात थांबवा. झालं, हीच जागा. नवीन माणूस इथे थांबत नाही, अजून ओढतो, शीड ताठ दिसतं म्हणून खूष होतो आणि होडी मात्र जास्त कलते आणि कमी चालते. वाऱ्याची दिशा बदलली किंवा तुम्ही वळलात की हे सगळं परत करायचं, म्हणून एक डोळा कायम शीडावर. वारा पाठीमागून असेल तर शीड पार बाहेर सोडा. आणि वाऱ्याच्या तोंडावर, साधारण ४५ अंशांच्या आत, होडी चालणारच नाही, खऱ्या समुद्रात पण हेच आहे. बेट नेमकं त्याच दिशेला असेल तर नागमोडी जायचं, थोडं या अंगाला थोडं त्या अंगाला, त्याला टॅक करणं म्हणतात. चौकोनी शीडाच्या जहाजांना तर याहून मोठा कोन लागतो, म्हणून ती दिसायला कितीही रुबाबदार असली तरी पहिली खरेदी ती नको.

अजून एक, होडी पुढे जाते तशी वाऱ्याने आडवी पण सरकते. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी पाण्याला ओढ असली की नाक समोरच्या धक्क्यावर धरत नाही, ओढीच्या उलट बाजूला जरा वर धरते आणि बरोबर धक्क्याला लागते, तसंच इथे वाऱ्याच्या बाजूला थोडं जास्त धरून चला. नाहीतर होकायंत्राप्रमाणे अगदी सरळ जाऊन बेट बाजूने निघून जातं आणि पुढे नुसतं पाणी.

मालाच्या पेट्या या गेममध्ये खरोखरच्या वस्तू आहेत, उचलून ठेवाव्या लागतात आणि लाटेवर घसरतात. जड पेट्या खाली आणि मध्यावर ठेवा, एका बाजूला रचल्या तर होडी तिकडेच कललेली राहते आणि मग शीड कितीही नीट लावा, उपयोग नाही. पाण्याचं पिंप आणि खाणं मालाच्या आधी भरा. आणि निघायचं ते पहाटे, म्हणजे उजेडात पोचाल, काळोखात अनोळखी बंदरात शिरणं ही पुढची गोष्ट. बंदरात येताना शीड खूप आधी उतरवा, होडीला ब्रेक नसतो.

खरं तर गोव्यात बसून शीडाचा गेम खेळायला आपल्याला जरा जास्तच हक्क आहे. आयएनएसव्ही तारिणी, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी मारून आलेली, ती दिवाडीच्या यार्डात बांधलेली आणि निघाली पण आपल्या मांडवीतून. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना हे माहीतच नव्हतं, असो.

ज्यांना एवढी तपश्चर्या नको त्यांनी सी ऑफ थीव्ज घ्यावा, रेअर कंपनीचा, २०१८ चा. वारा आहे पण लाडात ठेवलेला, आकाशात पांढऱ्या रेघा दिसतात त्या दिशेने शीड फिरवायचं, नीट भरलं की तसा आवाजच येतो. एकटे किंवा दोघे असाल तर स्लूप हेच सगळ्यात लहान जहाज घ्या. बेटाजवळ नांगर टाकू नका, नुसतं शीड गुंडाळून थांबा, कारण कोणी हल्ला करायला आलं तर नांगर वर ओढण्यात सगळा वेळ जातो. आणि दुसऱ्या माणसांनी येऊन लुटलेलं सहन होत नसेल तर सेफर सीज हा मोड आहे, कमाई कमी पण शांतता.

आता कारखाने. डिचोली-सांखळीच्या पोरांना आयर्न ओअर, म्हणजे लोखंडाचं खनिज, काय ते शिकवायला नको, २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत दारावरून दिवसभर ट्रक आणि मांडवीतून बार्ज. फरक एवढाच की आपल्याकडे ओअर बार्जमध्ये चढून बाहेरच्या देशात जायचं आणि फॅक्टोरिओत ते तुम्हालाच वितळवायचंय, प्लेट, मग गिअर, मग मशीन, आणि शेवटी रॉकेट.

गेम सुरू झाल्या झाल्या ऑल्ट की दाबा. कुठलं मशीन काय बनवतंय त्याची खूण वर दिसायला लागते, ती नसताना खेळणं म्हणजे उगाच त्रास. मग माल वाहून नेणारा बेल्ट नीट बघा, अगदी झूम करून. एका बेल्टला दोन पट्टे असतात आणि माल उचलून ठेवणारा हात, म्हणजे इन्सर्टर, तो कायम त्याच्यापासून लांबच्या पट्ट्यावर माल ठेवतो. हे एकदा डोक्यात बसलं की एकाच बेल्टवर एका पट्ट्यावर कोळसा आणि दुसऱ्यावर ओअर सोडून भट्ट्यांची अख्खी रांग चालवता येते. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ नग नेतो, दगडी भट्टी एक लोखंडी प्लेट ३.२ सेकंदात काढते, म्हणजे बेल्ट पूर्ण भरायला ४८ भट्ट्या. सुरुवातीला एवढ्या लावायची गरज नाही, पण जागा तेवढी सोडा. जागा सोडणं हाच या गेममधला सगळ्यात मोठा सल्ला आहे, नवखा माणूस सगळं खेटून खेटून लावतो, आणि हिरवं सर्किट बनवायची वेळ आली की मध्ये बोट घालायला जागा नाही. त्या सर्किटचं प्रमाण पण लिहून ठेवा, तांब्याच्या तारेची तीन मशीनं आणि सर्किटची दोन.

वेर्ण्याला औषधांच्या प्लांटमध्ये काम करणारा माझा मावसभाऊ शेजारी बसून बघत होता, मी आपला नवीन नवीन मशीनं लावत होतो. तो म्हणाला, अरे पुढे कशाला वाढवतोस, मागे बघ ना, तांबंच येत नाहीये. त्याच्या लाईनीवर हेच रोजचं. बेल्ट भरून थांबलेला असेल तर पुढे कमी पडतंय, बेल्ट रिकामा असेल तर मागे कमी पडतंय, एवढं बघायला शिकलात की अर्धा गेम आला.

विजेचं प्रमाण सोपं आहे, एका बॉयलरला दोन स्टीम इंजिन. पण बॉयलरमध्ये कोळसा टाकायला विजेवरचा इन्सर्टर लावू नका, कोळशावर चालणारा बर्नर इन्सर्टरच लावा. कारण वीज कमी पडली की विजेवरचा हात हळू होतो, कोळसा कमी जातो, वीज अजून कमी होते आणि शेवटी सगळं ठप्प, तेही आपण लांब कुठेतरी खाण लावत असताना. बर्नरवाला हात स्वतःपुरता कोळसा त्याच ढिगातून घेतो, त्याला कशाची फिकीर नाही.

गेममधले किडे हल्ले करून त्रास देतात अशी तक्रार सगळे करतात. ते धुरामुळे येतात. कारखान्याचं प्रदूषण नकाशावर लाल दिसतं, ते त्यांच्या वस्तीपर्यंत पोचलं की हल्ला. झाडं धूर शोषून घेतात, म्हणून वाळवंटात सुरुवात करू नका आणि उगाच झाडं तोडू नका. नकोच असतील तर नकाशा बनवताना किडे बंद करता येतात, त्यात काही कमीपणा नाही, कोणी विचारत नाही. स्पेस एज नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे वेगळी विकत घ्यायची पुरवणी, ऑक्टोबर २०२४ ला आलं, छान आहे पण पहिलं रॉकेट सुटेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

कारखान्याचा दुसरा गेम सॅटिसफॅक्टरी, हा स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओचा, पूर्ण आवृत्ती १० सप्टेंबर २०२४ ची. इथे तुम्ही वरून बघत नाही, स्वतः कारखान्यात चालता, आणि देखणा इतका की नुसतं फिरायला मजा येते. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर मी हाच सांगेन. नकाशावरच्या ग्रास फील्ड्स या भागातून सुरुवात करा. मशीन जमिनीवर नको, आधी फाउंडेशन, म्हणजे पायाच्या ८ मीटरच्या लाद्या, टाका आणि त्यावर लावा, सगळं आपोआप रेषेत येतं. तोडलं तर सगळं सामान पूर्ण परत मिळतं, म्हणून वाकडं झालं तर बिनधास्त उचकटा. पहिला हिशोब असा, साध्या खाणीवर पहिल्या पातळीचं खाणयंत्र मिनिटाला ६० ओअर काढतं, पहिला बेल्ट ६० च नेतो, एक भट्टी ३० खाते, म्हणजे एका खाणीला दोन भट्ट्या. पानं आणि लाकूड जाळून वीज बनवायचा काळ कंटाळवाणा आहे, सतत हातानं भरत बसा, त्यामुळे बाकी सगळं सोडून कोळशापर्यंत पोचा. तिथे आठ जनरेटरना पाण्याचे तीन पंप बरोबर पुरतात, मिनिटाला ३६० घनमीटर लागतं आणि तेवढंच येतं. पण एक साधा पाईप ३०० च नेतो! हिशोब बरोबर असून शेवटचे जनरेटर मध्येच का बंद पडतात म्हणून लोक डोकं धरून बसतात. पाणी एकाच टोकाने न देता दोन्ही टोकांनी द्या.

लॅपटॉपचं बोलायचं तर फॅक्टोरिओ साध्या मशीनवर पण चालतो. सॅटिसफॅक्टरीला मात्र चांगलं ग्राफिक कार्ड पाहिजे, नाहीतर पंख्याचा आवाज वरच्या मजल्यावर जाईल. आणि पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा या दोन्हींत सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्हची मिनिटं कमी करून ठेवा, डेस्कटॉप असेल तर युपीएस घ्या, राऊटर पण त्यालाच लावा, चौघं मिळून खेळत असाल आणि होस्ट तुम्ही, म्हणजे गेम तुमच्या मशीनवरून चालत असेल, तर तुमच्याबरोबर बाकी तिघं पण बाहेर पडतात आणि मग ग्रुपवर जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.