नव्या अ‍ॅडमिनच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप काय देतं? (पाचपैकी साडेतीन)

इंदूरच्या मराठी मंडळींचे गट, मग ते गणेश मंडळाचे असोत, सोसायटीचे की नाट्यरसिकांचे, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतात. एका गटात 1024 माणसं मावतात. रामबागेतले आजोबा आणि सुदामानगरातला कॉलेजकुमार एकाच ठिकाणी बोलतात, आणि नवा अ‍ॅडमिन बहुधा त्या दोघांच्याही मर्जीतला नसतो.

अ‍ॅडमिन कुणाचाही संदेश सर्वांसाठी काढू शकतो. त्या जागी कोणत्या अ‍ॅडमिनने काढला हे नावासकट उरतं, ते लपवता येत नाही. ही सोय उत्तम आहे, कारण कात्री कोणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसतं. पण पहिल्याच आठवड्यात ती ओळ पाच-सहा वेळा दिसली की कुजबुज सुरू होते. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण काढलेला संदेश परत आणता येत नाही. मग खासगीत लिहा: "काका, ही बातमी जुनी आहे, म्हणून काढतोय. नवी मिळाली तर जरूर टाका." त्यानंतरच काढा. चारचौघांत टोकलं तर काका दुखावतात, आणि त्यांचे मित्रही. सुरुवात दुहेरी बाणाच्या, 'अनेक वेळा फॉरवर्ड' झालेल्या संदेशांपासून करा. ते गेले तर सहसा कुणाला लागत नाही.

खरी उणीव आहे ती मधल्या पायरीची. एका सदस्याला दोन दिवस गप्प बसवायची सोयच नाही. उरतं ते गटातून काढणं, आणि त्याची नोंद सगळ्यांसमोर येते. 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे बटण भांडण पेटल्यावर अर्धा तास ठीक आहे. रात्रभर ठेवलं तर सकाळी दुसरा गट उभा राहिलेला असतो. टेलिग्राममध्ये एकट्याला ठरावीक मुदतीसाठी थांबवता येतं, दोन संदेशांत सक्तीचं अंतर ठेवता येतं, आणि कोणत्या अ‍ॅडमिनने काय केलं याची 48 तासांची नोंद इतर अ‍ॅडमिनना दिसते. तिथे निनावी राहायची सोयही आहे, पण नवख्याने ती वापरूच नये.

नियम गटाच्या माहितीत कोंबू नका, कोणी वाचत नाही. चार ओळी लिहून 30 दिवसांसाठी पिन करा, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही त्यातच घाला. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, फोटोंचा पूर येणारच, तेव्हा सूट आदल्या दिवशीच जाहीर करा. नव्या सदस्यांना मंजुरीची अट चालू ठेवा.

घाबरून सगळंच काढत सुटणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की, समान हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.

गट शे-दोनशेंचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच ठेवा. हजाराच्या जवळ पोचलात आणि रोजची भांडणं होऊ लागली, तर टेलिग्राम. फक्त ज्येष्ठांना ते फोनवर घालून देण्यासाठी एखादा रविवार राखून ठेवा.