नारळ फ्लेवरचा उलाँग: दुसरा कप जास्त भारी

पाकीट फोडलं की ओल्या खोबऱ्याच्या वडीचा वास येतोय बघा, एकदम दाट. उलाँग म्हणजे ग्रीन आणि काळ्या चहाच्या मधला, अर्धवट ऑक्सिडाइज केलेला (म्हणजे पानं हवेत थोडीच काळपट होऊ दिलेला) चहा, ह्याची पानं गोळ्या करून वळलेली आहेत, त्यामुळं आपल्या बेळगावच्या कडक चहासारखं उकळत बसू नका ओ, 90 डिग्रीच्या आसपासचं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, तीन मिनिटं बास. पहिल्या कपात नारळच पुढं पुढं करतोय. त्याच पानांवर परत पाणी घातलं की गोळ्या पूर्ण उलगडतात, नारळ मागं पडतोय आणि चहाचा मूळ फुलांचा वास येतोय, मला हाच लई आवडला. दूध-साखर अजिबात नको. महाग आहे, पण पानं दोन-तीनदा चालतात. सोबत कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेऊ नका, चवच मरते, साधी खारी बेस्ट.