समुद्रकाठचं घर, आगाऊ रक्कम आणि नसलेलं वादळ

उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकिनारी जायचं चाललं असेल आणि राहायची जागा ऑनलाइन बघत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचून घ्या. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या एका ‘बीच व्हिला’साठी आम्ही पैसे भरले. तो व्हिला नाहीच. खराब निघाला, फोटोसारखा नव्हता, असलं काही नाही. त्या जागी घरच नाही. वाळू आहे आणि सुरूची झाडं आहेत.

हे सांगितलं की ऐकणारा पहिलं वाक्य ठरलेलं टाकतो: ‘स्वस्तात मिळतंय म्हणून भुललात.’ नाही. दर आजूबाजूच्या हॉटेलांपेक्षा थोडाच कमी होता. शिवाय आम्ही घासाघीस केली तेव्हा समोरच्याने चक्क नकार दिला. ‘सीझन है दीदी, एक रुपया कम नहीं होगा. और भी पार्टी पूछ रही है.’ खोटं विकणारा भाव पाडून विकतो अशी आपली समजूत असते. हा माणूस भावावर अडून राहिला आणि तिथेच आमचा विश्वास बसला.

जागा सापडली ती साध्या शोधातून. सगळ्यात वर आलेल्या निकालावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. वेबसाइट नीटनेटकी. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमची आणि त्या साइटची देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलाय याची हमी ते देत नाही. चोरालाही ते कुलूप फुकटात मिळतं. नकाशावर ठिकाण होतं, त्यावर पाच चांदण्यांची परीक्षणं होती. नकाशावर ठिकाणाची भर कोणीही घालू शकतं, आणि ती सगळी परीक्षणं एकाच आठवड्यात पडली होती, हे नंतर कळलं. ‘गेली दहा वर्षं पाहुण्यांच्या सेवेत’ असं म्हणणाऱ्या साइटचं नाव प्रत्यक्षात दोनेक महिन्यांपूर्वी नोंदवलेलं होतं. ही नोंदणीची तारीख कोणालाही ऑनलाइन बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं ते पैसे गेल्यावर.

पण आम्हाला पकडलं ते या तांत्रिक गोष्टींनी नाही. त्याने आम्हाला हवामानात पकडलं.

त्याचं बोलणं असं: ‘आपके यहाँ इकतालीस होगा ना? हमारे यहाँ चौंतीस. और रातभर समुंदर की ठंडी हवा.’ चौतीसचा आकडा खोटा नव्हता, आणि खरी गोम तिथेच आहे. कोरड्या मुलखात राहणाऱ्या माणसाला चौतीस म्हणजे सुटका वाटते. दमट किनाऱ्यावर चौतीस वेगळं असतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता एकत्र आली की शरीराला जाणवणारी उष्णता 45 अंशांच्या पुढे जाते. हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करतो तोसुद्धा सपाट प्रदेशात पारा 40 ला पोचल्यावर, आणि किनाऱ्यावर 37 लाच. हे माहीत असतं तर पहिला प्रश्न एसीचा आणि जनरेटरचा विचारला असता, आणि तिथेच तो अडखळला असता. कारण पुढे एकदा सासूबाईंसाठी म्हणून एसीबद्दल विचारलं, तर म्हणाला, ‘ज़रूरत ही नहीं पड़ती.’ एप्रिलअखेरीस, बंगालच्या उपसागराच्या काठी, एसीची गरजच नाही! तिथे राहणारा माणूस असं म्हणेल का?

आणि ती रातभर की हवा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केलेत: दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून उलटा वाहतो. प्रत्येक रात्री पुस्तकाबरहुकूम घडतं असं नाही, मोठे मोसमी प्रवाह हे गणित बिघडवतात. तरी रात्रभर गार समुद्री वाऱ्याची हमी देणारा माणूस तिथला नसण्याचीच शक्यता जास्त.

आधी निम्मी रक्कम मागितली. पैसे पाठवताना मोबाइलवर खातेदाराचं नाव दिसतं, ते एका व्यक्तीचं होतं, व्हिलाचं नव्हतं. विचारलं तर ‘हमारे अकाउंटंट का है, जीएसटी का लफड़ा है’. हे वाक्य तुम्हाला कोणी ऐकवलं तर तिथेच थांबा. पावती मात्र झकास आली: लोगो, बुकिंग क्रमांक, चेक-इनची वेळ, ‘पाळीव प्राण्यांना परवानगी नाही’. ती शेवटची ओळ मला अजून आठवते. नसलेल्या घरात कुत्रा न्यायला बंदी.

मग काही दिवस शांतता. निघायला आठवडा उरला असताना त्याचा मेसेज आला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, वादळ येऊ शकतं, तुमची खोली समुद्रालगतच्या हलक्या बांधकामाची आहे, प्रशासनाने ती बंद ठेवायला सांगितलंय. मागच्या पक्क्या इमारतीत हलवतो, फरक आणि उरलेली सगळी रक्कम आजच भरा, नाहीतर बुकिंग रद्द. सोबत झाडं वाकलेला एक व्हिडिओ. ‘फानी याद है ना?’

फानी कोणाला आठवत नाही? 3 मे 2019 ला ते चक्रीवादळ पुरीजवळ धडकलं होतं. त्या किनाऱ्यावर मे महिन्यात वादळ येतं हे इतकं खरं आहे की कोणीही ते नाव घेऊन घाबरवू शकतो. आम्ही रकमेतला आणखी एक हप्ता पाठवला. सगळा पाठवला नाही, कारण त्या दिवशीची मर्यादा संपली होती. बँकेच्या त्या मर्यादेवर मी आजवर चिडत आले होते.

संध्याकाळी नणंद घरी आली. ती भूगोल शिकवते. वादळाचं ऐकून तिने आधी हवामान विभागाचं चक्रीवादळांचं पान उघडलं. तिथे रोज एक पत्रक निघतं, बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात येत्या दिवसांत वादळाची पहिली पायरी, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र (डिप्रेशन), तयार होण्याची शक्यता किती, ते त्यात दिवसवार लिहिलेलं असतं. सगळ्या रकान्यांत ‘शून्य’. मग म्हणाली, ‘वहिनी, त्या घराचे फोटो दाखव बरं.’

बाल्कनी, वेताची खुर्ची, कठड्यापलीकडे लाल समुद्र, आणि त्यात अर्धा बुडालेला सूर्य. खाली इंग्रजीत लिहिलेलं, ‘आपल्या खोलीतून रोजचा सूर्यास्त’.

‘हा सूर्य मावळतोय कुठे?’

मला प्रश्न कळलाच नाही. समुद्रात, आणखी कुठे? आपण कोकण-गोव्याचा समुद्र बघितलेली माणसं. समुद्र म्हटलं की डोळ्यापुढे मावळतीच येते. पण ओडिशाचा किनारा पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य समुद्राच्या बाजूने उगवतो. उन्हाळ्यात तर तो पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला मावळतो, म्हणजे थेट पाठीमागे, जमिनीवर. त्या बाल्कनीतून रोजच काय, उन्हाळ्यात एकदाही तो सूर्यास्त दिसायचा नाही. घरातल्या सगळ्यांनी ते फोटो पाहिले होते, मोठे करकरून पाहिले होते.

मग फोटोवरून उलटा शोध घेतला. हे मोबाइलवरही होतं, फोटो शोधपट्टीत टाकायचा की तो आणखी कुठेकुठे आहे ते दिसतं. तीच बाल्कनी, तीच खुर्ची, दुसऱ्याच देशातल्या एका बंगल्याच्या विक्रीच्या जाहिरातीत. नकाशावर त्या ठिकाणापासून सगळ्यात जवळ जे खरं लॉज दिसत होतं तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस नाव ऐकूनच हसला. म्हणाला, या नावाने विचारत लोक सामान घेऊन दारात येतात, भर दुपारी, लहान मुलं घेऊन. ती दुपार डोळ्यांपुढे आणा, मग आमचं थोडक्यात निभावलं असंच म्हणावं लागेल.

त्याच रात्री 1930 ला फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही टाकली. इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढेपुढे सरकतात आणि शेवटी रोख निघतात. त्याआधी तक्रार पोचली तर रक्कम वाटेतल्या खात्यात गोठवता येते. आमचा पहिला हप्ता कधीच निघून गेला होता, दुसऱ्यातला काही भाग अडकला. तो परत मिळण्यासाठीची कागदपत्रं अजून चालू आहेत. बँकेचं म्हणणं सरळ होतं: पिन तुम्हीच टाकलात, तेव्हा हा तुमच्या मंजुरीचा व्यवहार. तक्रारीला व्यवहाराचा क्रमांक, खातेदाराचं नाव, चॅटचे स्क्रीनशॉट आणि साइटचा पूर्ण पत्ता लागतो, म्हणून रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका. साइट गायब होण्याआधी तिचेही स्क्रीनशॉट घ्या.

आमच्यासारखे पुष्कळ असणार. एप्रिल 2025 मध्ये गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांच्या खोट्या बुकिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. खोट्या साइट, समाजमाध्यमांवरची खोटी पानं आणि शोधात पैसे देऊन वर आणलेल्या जाहिराती, हे सगळं त्यात होतं. वाचलं होतं मी ते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं काहीतरी, म्हणून पुढे सरकवलं होतं.

आम्ही गेलो, ओडिशालाच. राज्य पर्यटन महामंडळाच्या पांथनिवासात थेट खोली घेतली. एसी चालू आहे ना, हे आधी दोनदा विचारून. ती सहल चांगली झाली, ते इथे लिहीत नाही.

परत आल्यावर एक फोन आला. ‘आपका फ्रॉड हुआ था ना? हम रिकवरी सेल से बोल रहे हैं.’ आमची रक्कम, तारीख, सगळं त्याला तोंडपाठ. फाइल उघडायला थोडे शुल्क, मग एक क्यूआर कोड येईल, तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. इतके तपशील त्याच्याकडे आले कुठून, तर अर्थात पहिल्या टोळीकडूनच. एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते म्हणतात, आणि त्या फोननंतर मला ते खरं वाटतं.

आता, सूर्य बघून खोटं ओळखा असं मी सांगणार होते. पण तेवढ्यावर राहू नका, आणि त्याला कारण मीच आहे. ज्या रात्री हे उघडकीला आलं, त्या रात्री त्याला एक मेसेज टाकल्याशिवाय मला राहवलं नाही. ‘पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त कुठून आणलास रे?’ त्याने वाचला आणि ब्लॉक केलं. महिन्याभराने तेच फोटो मला नव्या नावाच्या साइटवर दिसले. तीच बाल्कनी, तीच खुर्ची, तोच लाल समुद्र. ओळ मात्र बदलली होती: ‘आपल्या खोलीतून रोजचा सूर्योदय’. ती साइटही पोर्टलवर नोंदवली आहे.

म्हणून फोटोंवर न जाता व्हिडिओ कॉल मागा, आणि तो भर दुपारी मागा. फाटकापासून खोलीपर्यंत चालत दाखवा म्हणा, एसी चालू करून दाखवा म्हणा, आज भरती किती वाजता आहे विचारा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि तिचे तक्ते मिळतात, त्यामुळे उत्तर पडताळता येतं. चांदीपूरसारख्या ठिकाणी, जिथे ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे हटतो, तिथल्या माणसाला ही वेळ घड्याळ न बघता सांगता येते. आमच्या माणसाला मी शेवटी शेवटी व्हिडिओ कॉल मागितला होता. म्हणाला, ‘यहाँ नेटवर्क नहीं है, दीदी.’ हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरच सांगितलं.