नावाचं दुपटं: मशीनवर की हातानं?

बारशाला बाळाचं नाव भरलेलं दुपटं द्यायचं, एवढं तुमचं ठरलं असेल तर पुढचं मी माझ्या अनुभवावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या मुलाला सांगलीतल्या एका दुकानातून मशीनवर नाव घालून घेतलं. यंदा भाचीच्या मुलीला मिरजेच्या एका काकूंकडून हातानं भरून घेतलं. दोन्ही दुपटी पांढऱ्या मलमलीची, दोन्हींवर नाव एकाच कोपऱ्यात. दोन्ही मी धुतल्यावर आणि वापरल्यावर पाहिली आहेत.

मशीनची बाजू कमजोर नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे नाव बारशापर्यंत फोडत नाहीत, आणि बऱ्याच घरांत ते शेवटच्या दिवसापर्यंत ठरतही नाही. आमच्याकडे ‘अथर्व’ आदल्या दिवशी दुपारी नक्की झालं. सहा वाजता मी कापड पेठेत होतो, पावणेआठला दुपटं पिशवीत. ही मशीनं मिनिटाला ८०० ते १००० टाके घालतात. डिझाईन एकदा पंच झालं, म्हणजे संगणकावर टाक्यांत बसवलं, की नाव भरायला फार वेळ लागत नाही. अक्षरं एका उंचीची, शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी. दोरा पॉलिस्टरचा, म्हणून रंग जायची भीती नाही. मात्र नाव तोंडी सांगू नका, कागदावर स्वच्छ लिहून द्या आणि मशीन सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर वाचा. आमचं आधी ‘अर्थव’ आलं होतं, रफार एक अक्षर अलीकडे सरकलेला. अक्षरं फार बारीकही नकोत. अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास गेली की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता पुंजका दिसतो.

बारशाला सगळ्यांनी दुपटं हातात घेऊन कौतुक केलं. तीन आठवड्यांनी मी पुतणीकडे गेलो, तेव्हा दुपटं बाळाच्या अंगावर होतं, पण उलटं फिरवून, नावाचा कोपरा पायाकडे करून. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “काका, नाव छान आहे हो, पण मागून टोचतं त्याला.”

मी कोपरा उलटून पाहिला. अक्षरांच्या मागे कडक पांढऱ्या कागदासारखा तुकडा होता. अक्षरांच्या कडेनं कात्रीनं कापलेला, आणि कापलेली धार सरळ कातडीला लागणारी. बोटाला ती फारशी कळत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिलं तेव्हा कळलं. शिवाय दुपटं तोवर चार-पाच वेळा धुतलेलं होतं. मलमल आटली, मऊ झाली, पण तो तुकडा आटला नाही. त्यामुळे नावाभोवती कापडाला चुण्या पडल्या होत्या आणि नाव पुठ्ठ्यासारखं ताठ उभं होतं. ज्या नावासाठी एवढी धावपळ केली, तेच बाळापासून लांब ठेवावं लागत होतं. ते माझ्या मनातून गेलं नाही.

दुकानदाराची यात चूक नव्हती. मशीनवर वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा कापडात एकमेकांना अडकवून टाका बसतो. एवढे टाके एवढ्या दाटीनं बसले की पातळ कापड आत ओढलं जातं. ते गोळा होऊ नये म्हणून मागे पेपर लावावाच लागतो. फाडून काढायचा पेपर वापरला तरी टाक्यांखालचा भाग आत राहतोच. काही जण त्यावर मऊ अस्तर इस्त्रीनं चिकटवून देतात. मशीनवरच करायचं असेल तर ते आवर्जून मागा. मी नंतर एका टोपीवर तसं करून घेतलं; टोचणं कमी झालं, ताठपणा मात्र राहिला.

काम उलटं करून बघायची सवय मला आजीची. तिचं माहेर अथणीकडचं, आणि तिच्या काळ्या इरकलीवर कशिदा होता: तुळशीवृंदावन, हत्ती, गोपुर. कर्नाटकात याला कसुती म्हणतात. त्यातले गवंती आणि मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. छापा नाही, गाठ नाही. कापडाचे धागे मोजत सुई पुढे जाते आणि सुटलेल्या जागा परतीच्या फेरीत भरून येते. आजी पदर उलटून दाखवायची आणि सुलट कुठली ते ओळखायला सांगायची. मला कधीच ओळखता आलं नाही.

मिरजेच्या काकूंना मी तेच मागितलं. त्यांनी समजावून सांगितलं की मलमलीचे धागे इतके बारीक की मोजता येणार नाहीत, आणि मोजून गेलेल्या सरळ टाक्यांत ‘श’ची गाठ आणि वेलांटीचं वळण बसणार नाही. त्यांनी सुचवला साखळी टाका, सहापदरी लडीतले दोनच पदर घेऊन. साखळीची गंमत अशी की वरून कड्या दिसतात आणि मागे साधी टीप. भोकं पाडलेला कागद कापडावर ठेवून त्यांनी रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवली, कागद उचलला, आणि निळ्या ठिपक्यांत ‘शर्वरी’ उमटलं. दोऱ्याला गाठ मारली नाही. शेपूट मागच्या टाक्यांत ओवून टाकली. हे दुपटं मी मनगटावर घासलं तेव्हा नाव कुठून सुरू झालं ते डोळे मिटून कळलं नाही.

काकूंच्या डब्यातल्या लड्यांवर डीएमसी लिहिलेलं होतं. ती कंपनी १७४६ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या म्युलूझ गावात सुरू झाली. त्याच गावात १८२८ मध्ये जोसुए हाइलमाननं भरतकामाचं पहिलं यंत्र बनवलं. दोन्ही टोकांना अणी आणि मधोमध नेढं असलेल्या सुयांच्या रांगा, आणि माणूस मोठ्या चित्रावरून दांडा फिरवील तशा त्या सगळ्या एकदम चालायच्या. पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबलीनं शिवणयंत्रासारखे दोन दोरे वापरणारं यंत्र केलं. कापड पेठेतलं मशीन त्याच वाटेवरचं. तेव्हा मशीनचं भरतकाम ही आजकालची फॅशन नाही, त्यालाही दोनशे वर्षांची परंपरा आहे, आणि त्याला कमी लेखायचं मला कारण नाही.

हातच्या कामाचेही त्रास आहेत. मला ते साधारण चौपट महाग पडलं. दिवस बारा लागले, आणि मध्ये काकूंच्या घरी पाहुणे आल्यानं चार दिवस सुई हलली नाही. ‘र्व’ आणि ‘री’ यांची उंची नीट पाहिली तर किंचित वेगळी आहे. लाल दोरा सुती असेल तर पांढऱ्यावर रंग सोडू शकतो. काकू तो आधी कोमट पाण्यात भिजवून, रंग जातो का ते पाहून घेतात. तुम्ही दुसरीकडे करून घेणार असाल तर एवढं विचारा.

वास्तुशांतीला वीस टॉवेल द्यायचे असतील, शाळेची बॅग असेल, सत्काराची जाड शाल असेल तर मी आजही मशीनकडेच जाईन. तिथे मागची बाजू कुणाच्या अंगाला लागत नाही, किंवा कापडच इतकं जाड असतं की पेपर जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाचं दुपटं, झबलं, कुंची, म्हाताऱ्या माणसाचा उशीचा अभ्रा, म्हणजे थेट कातडीला लागणारं काही असेल, तर माझं मत हाताच्या कामाकडे झुकतं. सगळ्यांच्या बाळांना टोचेलच असं मी म्हणणार नाही. आमच्या बाळाला टोचलं.

राहिला प्रश्न वेळेचा, कारण नाव आधी कळत नाही. आम्ही असं केलं: भाचीला सातवा लागला तेव्हाच काकूंना कापड दिलं. त्यांनी कडेची वेल आणि कोपऱ्यातली दोन फुलं सावकाश भरून ठेवली, नावापुरती बोटभर लांबीची जागा मोकळी सोडून. दिवस गेले ते मुख्यतः त्या वेलीतच. बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी नाव ठरलं, भाचीच्या नणंदेनं मला फोनवर हळूच सांगितलं, मी कागदावर लिहून मिरजेला नेऊन दिलं. तीन अक्षरांना काकूंना दोन संध्याकाळी लागल्या. बाराव्या दिवशी पाळण्यात शर्वरीच्या हनुवटीखाली नावाचाच कोपरा होता.