व्हिसा खरा होता, नोकरी खोटी

"ताई, यूके केअर व्हिसाची ही जाहिरात खरी आहे का?" असं विचारणारे मेसेज मला अजूनही येतात. त्यातल्या एकीने तर घर गहाण ठेवायची तयारी केली होती. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: २२ जुलै २०२५ पासून ब्रिटन सरकारने परदेशातून नव्याने केअर वर्कर, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची काळजी घेणारा कामगार, म्हणून येण्याचा रस्ता बंद केला आहे. भारतात बसून कुणी "आमच्याकडे जुना कोटा शिल्लक आहे", "ऑफर आधीची आहे म्हणून चालेल" असं म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय. त्याला एक रुपयाही देऊ नका.

आता माझ्याबद्दल. मी मिरजेत एका खासगी रुग्णालयात नर्स होते. एका एजंटामार्फत केअर वर्कर म्हणून ब्रिटनला गेले आणि फसले. फसवणूक म्हटलं की लोक लगेच विचारतात, "व्हिसा नकली निघाला का?" नाही. व्हिसा अस्सल होता. कंपनीचं नाव ब्रिटन सरकारच्या लायसन्स असलेल्या मालकांच्या यादीत होतं. इंग्रजीची परीक्षा, टीबीची तपासणी, पोलिसांचा दाखला, बोटांचे ठसे, सगळं रीतसर झालं. खोटी होती ती फक्त नोकरी. कागद नकली असता तर विमानतळावरच उघडं पडलं असतं. इथे सरकारी शिक्का खरा असल्यामुळेच फसवणूक दिसत नाही, आणि ही गोष्ट मला घरोघरी पोचवायची आहे.

ही व्यवस्था कशी चालते ते समजून घ्या. ब्रिटनमध्ये बाहेरचा कामगार आणायचा असेल तर मालकाला होम ऑफिसकडून, म्हणजे तिथल्या गृहखात्याकडून, स्पॉन्सर लायसन्स घ्यावं लागतं. लायसन्स मिळालं की तो मालक कामगाराच्या नावाने 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' काढतो. आपल्याकडे सगळे त्याला सीओएस म्हणतात. नाव सर्टिफिकेट असलं तरी ती संगणकातली एक नोंद असते आणि तिला एक नंबर असतो. त्या नंबरावर व्हिसा मिळतो, आणि तो त्या एका मालकापुरता असतो. दुसरीकडे आठवड्याला २० तासांपर्यंत जोडकाम करता येतं, पण त्यासाठी मूळ नोकरी चालू असावी लागते. म्हणजे देशात कोण येणार आणि कोण राहणार, याचा मोठा हिस्सा सरकारने मालकांच्या हाती दिला आहे. मालक प्रामाणिक असेल तर ठीक. नसेल, तर त्याच्या हातात विकायला एक सोन्याचा नंबर आला.

मी अर्ज केला तेव्हा मालकाला एका सीओएससाठी सरकारला २३९ पौंड भरावे लागत, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपये. आमच्याकडून एजंटाने सगळं मिळून अठरा लाख घेतले. पतसंस्थेचं कर्ज, सासूबाईंच्या पाटल्या आणि नवऱ्याच्या भावाने शेतीसाठी बाजूला ठेवलेले पैसे, असे ते जमवले होते.

त्या अठरा लाखांत पाच लाखांहून जास्त रक्कम 'हेल्थ सरचार्ज' (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) म्हणून घेतली होती, माझी, नवऱ्याची आणि मुलीची तीन वर्षांची. आमच्या 'हेल्थ अँड केअर वर्कर' व्हिसावर हा सरचार्ज माफ असतो, कुटुंबालासुद्धा. सरकारच्या संकेतस्थळावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी तेव्हा माणशी २८४ पौंड होती. बाकी सगळं एजंटाचं. पावती मात्र त्याने एकच दिली, ३५,४०० रुपयांची, 'डॉक्युमेंटेशन चार्जेस' म्हणून. हा आकडा उगाच आलेला नाही. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो आणि त्यावर जीएसटी. बेरीज बरोबर ३५,४००. नोंदणी नसलेल्या माणसाने कायद्याची कमाल मर्यादा नेमकी पाठ करून ठेवली होती! उरलेली रक्कम रोख.

घाई कशी केली गेली तेही सांगते, कारण प्रत्येक नव्या नियमाच्या वेळी हेच होतं. ४ डिसेंबर २०२३ ला ब्रिटनचे तेव्हाचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हरली यांनी जाहीर केलं की केअर वर्करना यापुढे नवरा-बायको, मुलं सोबत आणता येणार नाहीत. पुढे ११ मार्च २०२४ पासून हा नियम लागू झाला. घोषणा खरी होती. पण एजंटाच्या हातात ती चाबूक झाली. रोज फोन. "ताई, मार्चनंतर दार बंद. मुलीला सोडून एकटी जाणार का? उद्या दुपारपर्यंत रक्कम आली नाही तर तुमचा सीओएस दुसऱ्याला जाईल." सरकार संख्या कमी करण्यासाठी मुदत घालतं आणि त्या मुदतीवर दलाल आपला धंदा दुप्पट करतो. आई आणि मुलीच्या ताटातुटीची भीती घालून पैसे काढणारा माणूस काय लायकीचा असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही तिघं इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागात उतरलो. करारात आठवड्याला साडेसदतीस तास, ताशी १०.७५ पौंड, वर्षाला २०,९६० पौंड पगार लिहिला होता. त्या काळी या व्हिसाला लागणारा किमान पगार तेवढाच होता. प्रत्यक्षात आधी "ट्रेनिंग चालू आहे", मग "पोलिस तपासणीचा निकाल यायचाय". तोही आल्यावर कळलं की काम पेशंटच्या घरोघरी जाण्याचं आहे आणि माझ्याकडे गाडी नाही म्हणून शिफ्ट नाही. गाडीचा उल्लेख करारात कुठेच नव्हता. कधी आठवड्यात एखादी सकाळ, कधी काहीच नाही. नवऱ्याला डिपेंडंट म्हणून कुठेही काम करायची परवानगी होती. तो गोदामात रात्रपाळी करू लागला, म्हणून भाडं भरता आलं आणि चूल पेटली. एकट्या आलेल्या मुलींचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून दिवस काढणाऱ्या शिकलेल्या, अनुभवी नर्स होत्या त्या.

त्या कंपनीत केरळच्या, पंजाबच्या, नायजेरियाच्या, झिम्बाब्वेच्या बायका होत्या. सगळ्यांनी पैसे मोजलेले आणि सगळ्या गप्प. का गप्प, तर इथे सगळ्यात कठोर गाठ आहे. होम ऑफिसकडे तक्रार केली तर कंपनीचं लायसन्स जातं, आणि लायसन्स गेलं की आपला व्हिसा जातो. चोरी झालेल्यानेच घर सोडायचं, असा हा हिशोब. व्यवस्थापकाला हे पक्कं ठाऊक होतं. काम मागितलं की तो शांतपणे म्हणायचा, "तुझा स्पॉन्सर मी आहे, हे विसरू नकोस."

मग त्याने पुढची गोष्ट सुचवली. "घरून पैसे मागवा. आम्हाला रोख द्या. आम्ही तेच पगार म्हणून तुमच्या खात्यात भरू, कर कापू, पेस्लिप देऊ. होम ऑफिसला सगळं व्यवस्थित दिसेल." आम्ही ठाम नाही म्हणालो आणि त्या दिवसापासून उरलीसुरली शिफ्टही बंद झाली. ज्यांना आज कुणी हे सांगत असेल त्यांनी कृपा करून थांबावं. अशा पेस्लिपवर पुढचा व्हिसा मागितला तर ती सरकारची फसवणूक ठरते, आणि ती तुमच्या नावावर लागते. अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर दहा वर्षं बंदी येऊ शकते. एरवी तुम्ही पीडित असता. ही पेस्लिप स्वीकारली की कागदोपत्री भागीदार होता.

सरकार काय करत होतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अहवाल मी नंतर वाचला आणि माझे हात थरथरले. सीमा आणि स्थलांतर विभागाचे माजी स्वतंत्र मुख्य निरीक्षक डेव्हिड नील यांचा तो अहवाल. त्यात लिहिलं आहे की अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ सीओएस दिले गेले होते. दुसऱ्या एका कंपनीने लायसन्स घेताना आपल्याकडे चार कर्मचारी असल्याचं सांगितलं होतं आणि तिला १,२३४ सीओएस मिळाले. तपासणी करणारा अधिकारी दर १,६०० मालकांमागे एक! फेब्रुवारी २०२२ मध्ये माणसं कमी पडतात म्हणून हे दार घाईने उघडलं, आणि दारावर पहारेकरीच पुरेसे नव्हते. पुढे सरकारनेच सांगितलं की जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून अधिक लायसन्स रद्द केली, आणि त्या मालकांशी जोडलेले कामगार ३९,००० हून जास्त होते. कारवाई झाली हे चांगलंच. पण कारवाईचा पहिला फटका कामगाराला बसतो, हे मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही.

आमच्या कंपनीचं नावही एके दिवशी सरकारी यादीतून नाहीसं झालं. होम ऑफिसचं पत्र मात्र बऱ्याच महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये आलं: ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. मुलगी तेव्हा शाळेत रुळली होती.

पत्राची बातमी कशी फुटते देव जाणे, पण लगेच एका 'वकिला'चा फोन आला. नवा स्पॉन्सर मिळवून देतो, सहा हजार पौंड. एकदा नागवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठणारी ही टोळी वेगळीच. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर माणूस एकतर अधिकृत वकील असावा लागतो किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला. तसं नसताना सल्ला देणं हा गुन्हा आहे, आणि नोंद आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. याचं नाव कुठेच नव्हतं. शिवाय ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची फी मालकाने कामगाराकडून वसूल करण्यावरच बंदी आहे.

आम्हाला मदत मिळाली ती स्पॉन्सर गमावलेल्या केअर वर्करसाठी सरकारच्या पैशाने चालणाऱ्या प्रादेशिक केंद्राकडून, एक पेनीही न देता. ९ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर मालकांना बाहेरून माणूस आणण्याआधी अशा अडकलेल्या कामगारांचा विचार करणं बंधनकारक झालं होतं. त्या नियमाचा मला थेट फायदा झाला. मुदत संपायच्या आत एका केअर होममध्ये काम मिळालं, नव्याने व्हिसाचा अर्ज झाला आणि मंजूरही झाला. माझ्यासोबतच्या सगळ्यांचं असं झालं नाही. काही जणी कर्जासकट परत गेल्या.

केअरचा रस्ता बंद झाला तरी हीच युक्ती दुसऱ्या कामाच्या नावाने उद्या येईल, म्हणून काय तपासायचं ते सांगते. स्पॉन्सरच्या यादीत नाव असणं म्हणजे फक्त लायसन्स आहे, एवढंच. काम आहे का, हे ती यादी सांगत नाही. त्यासाठी 'कंपनीज हाउस' या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, सगळं फुकट दिसतं. कंपनी कधी स्थापन झाली, ताळेबंद किती, सरासरी कर्मचारी किती. आमच्या कंपनीच्या ताळेबंदात कर्मचारी ३ होते आणि स्पॉन्सर केलेल्या आम्ही कितीतरी जणी! इंग्लंडमधली केअर कंपनी असेल तर 'सीक्यूसी' या तपासणी संस्थेच्या संकेतस्थळावर तिचा अहवाल पाहा, एकदाही तपासणी झालेली नसेल तर सावध व्हा. एजंटाने दिलेल्या नंबरावर नव्हे, त्या संकेतस्थळावरच्या नंबरावर फोन करा आणि आठवड्याचे तास, गाडीची अट, कामाची जागा थेट विचारा. आणि नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला एजन्सीला मनाई आहे.

"पाच वर्षांत पीआर नक्की", म्हणजे कायम राहण्याची परवानगी नक्की, हे वाक्य तर प्रत्येक एजंट बोलतो. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटन सरकारने ही सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. पाच वर्षांनंतरचा नियम काय असेल याची हमी मंत्रीही देऊ शकत नाही.

जे आधीच ब्रिटनमध्ये आहेत त्यांना २२ जुलै २०२८ पर्यंत केअरच्या कामावर व्हिसा वाढवता किंवा बदलता येतो, त्यामुळे दलालांची नजर आता शिकायला आलेल्या मुलांवर आहे. दुसऱ्या व्हिसावरून केअरमध्ये यायचं असेल तर त्याच मालकाकडे आधी किमान तीन महिने कायदेशीर काम केलेलं असावं लागतं. "पैसे भरा, लगेच बदलून देतो" म्हणणाऱ्याला हा नियम विचारा.

भारतात, परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. "यूकेला ती लागत नाही, आम्ही फक्त कन्सल्टन्सी करतो" असं आमचा एजंट म्हणायचा. ते खोटं आहे. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिथे नाव शोधा. आम्ही पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचं केंद्र सरकारचं) कार्यालयाकडे तक्रार केली. व्यवहार २०२३ मध्ये सुरू झाला म्हणून गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली आणि उत्प्रवास कायद्याखाली नोंदवला गेला. रोख रकमेची पावती नव्हती, तरी पतसंस्थेतून पैसे काढल्याच्या नोंदी, एजंटाचे हप्त्यांचे आवाजी मेसेज आणि सरचार्जचा त्याच्याच हस्ताक्षरातला हिशोब पोलिसांनी पुराव्यात घेतला. ज्यांनी अशाच माणसाला पैसे दिलेत त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही पुसू नका. दुसऱ्याच्या तक्रारीची वाट न बघता आपल्या ठाण्यात आपली वेगळी तक्रार द्या. आमच्यानंतर चौघांनी दिली, तेव्हा कुठे तपास हलला.